काडीची किंमत

'काडीचीही किंमत नाही' असं आपण बेधडक म्हणून टाकतो. पण मी पडलो कॉमर्सवाला; भाव ठरवण्याआधी जुनी खतावणी चाळायची खोड! भांडणात लावायची काडी वेगळी, कचेरीत साहेबांच्या कानापर्यंत पोचणाऱ्या काड्या त्याहून वेगळ्या.

सगळ्यांत वजनदार मात्र काडीमोडीची. कित्येक जातींत पंचांसमोर गवताची काडी मोडली की संसार मोडला. आमच्या बँकेत पाच रुपयांचं खातं बंद करायला अर्ज, पासबुक आणि सही लागते. इथे नुसतं 'कट्'!

हसू नका. त्या काडीनंच बाईला पुन्हा पाट लावायची मोकळीक मिळे. स्वतःला उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरांत काडी नव्हती, म्हणजे सुटकाही नव्हती. तिथली बाई मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या घटस्फोट कायद्यापर्यंत थांबली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला, तेव्हा त्यानंही २९व्या कलमात रूढीचा घटस्फोट राखून ठेवला. म्हणजे काडी दिल्लीपर्यंत पोचली म्हणायची!

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बुडतीलाही होता हो. फक्त ती कुणाच्या घरात बुडतेय, यावर सारं होतं.