बंडी, छकडा आणि रेस बॉडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात केटीएमची आरसी 390 किंवा यामाहाची आर15 दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशी गाडी दारात असलेल्याला वर्षातून एक-दोनदा बंदिस्त ट्रॅकवर ती पळवून पाहावी असे वाटले, तर लवकरच एक प्रश्न समोर येतो: कंपनीची प्लास्टिकची फेअरिंग, म्हणजे गाडीच्या अंगावरचे कवच, उतरवून तिच्या जागी फायबरची रेस बॉडी चढवावी का? प्रश्न वरकरणी गॅरेजमधला आहे. पण जे रोजच्या कामाचे आहे तेच शर्यतीत उतरवायचे झाले तर त्याच्यावर साज कोणता घालायचा, हा पेच या मुलखाला नवा नाही. विदर्भातल्या शंकरपटाने तो पिढ्यान्‌पिढ्या हाताळला आहे. पटाचा रिवाज आणि मोटरसायकलच्या फेअरिंगचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले, की ध्यानात येते ते असे: शर्यतीचा साज चढवण्याचा निर्णय मुळात वेगाचा नसतोच. शर्यतीच्या जागी जायचे कसे आणि तिथून परतायचे कसे, याचा तो निर्णय असतो.

शंकराचे वाहन नंदी, म्हणून बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, असा समज आहे. खरिपाची कामे आटोपली की हिवाळ्यात पट भरतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे; तिथे महिलाही जोडी हाकतात. भंडारा-गोंदियाकडे दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, अशी सांगड बसलेली आहे. पटात उतरणारी गाडी मात्र शेतातली बंडी नसते. बंडी कापसाची बोंदरी, कडबा, शेणखत आणि बाजाराला निघालेली माणसे वाहण्यासाठी घडवलेली असते; तिचा जडपणा हा तिचा गुण आहे. पटाला लागतो छकडा: हलकी चाके, आस, धुरा आणि धुरकऱ्याला तोल सांभाळता येईल एवढीच जागा. त्याच्यावर ओझे लादता येत नाही आणि लादायचेही नसते. म्हणजे बंडीच्या फळ्या काढून तिला हलकी करण्याच्या भानगडीत हा रिवाज पडला नाही. त्याने बंडी बंडीच ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरी गाडी उभी केली. जोडी एक, जुंपणे दोन. पट संपला की छकडा भिंतीला लागायचा आणि जोडी पुन्हा बंडीला.

यावर कोणी म्हणेल, बैल आणि यंत्र यांची तुलनाच चुकीची आहे. बैलाला वेदना होते, यंत्राला होत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि गेल्या दशकातला न्यायालयीन इतिहास याच भेदाभोवती फिरला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यतींना परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वादात मुख्य खल छकड्याच्या वजनावर किंवा बांधणीवर नव्हता. खल झाला तो बैलाच्या देहाला काय सोसावे लागते यावर. म्हणून मी इथे तुलना बैलाची मोटरसायकलशी करत नाही. तुलना साजाची आहे. साज सुटा असतो, उतरवता येतो, आणि तो सुटा राहतो तोवरच एका गोष्टीला दोन कामे करता येतात.

मोटरसायकलच्या बाबतीत हा साज आधी वाऱ्यासाठी आला. 1950 च्या दशकात युरोपातल्या कारखान्यांनी शर्यतीच्या गाड्यांना पुढच्या चाकासकट झाकणारी कवचे घातली. मोटो गुझीने तर मांडेल्लोच्या कारखान्यात त्यासाठी वाऱ्याचा बोगदाच बांधला होता. सरळ रस्त्यावर त्या कवचांमुळे वेग वाढला, पण आडवा वारा सुटला की तेच कवच शिडासारखे गाडीला ओढू लागे. अखेर 1957 चा हंगाम संपताच मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढचे चाक झाकणाऱ्या कवचांवर बंदी आणली. पुढे हा साज शर्यतीतून रस्त्यावर उतरला. 1976 ची बीएमडब्ल्यू आर100आरएस ही कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग लेवून निघालेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. 1985 च्या सुझुकी जीएसएक्स-आर750 ने शर्यतीच्या गाडीचा तोंडवळाच दिवे आणि नंबर प्लेट लावून विकायला ठेवला. भारतात मात्र क्रम उलटा होता. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा येझदी किंवा 1983 मध्ये आलेली राजदूत 350 यांसारख्या गाड्यांच्या अंगावर उतरवण्याजोगे कवच नव्हतेच. तयारी म्हणजे काढणे: दिवा काढा, आरसे काढा, मडगार्ड काढा. चढवण्याचा प्रश्न उभा राहायला 2008 ची आर15 आणि 2014 ची आरसी 390 यावी लागली. यांतली दुसरी तर पुण्याजवळ चाकणला तयार होते, आणि तिच्याच जातीच्या गाड्या 2014 पासून जर्मनीतल्या तरुणांच्या ज्युनियर कपमध्ये धावल्या. गाडी दुकानातूनच शर्यतीच्या वेशात येत असेल, तर आणखी एक वेश कशाला, असे विचारणे रास्त आहे.

उत्तर असे, की रेस बॉडी मुख्यतः पडण्यासाठी असते. ट्रॅकवर वळण चुकले की गाडी घसरत जाते. कंपनीच्या फेअरिंगचे प्लास्टिक तडकते, तिचे कान तुटतात, आणि एकेका पॅनेलची किंमत ऐकून हौस उतरते. फायबर फाटले तर राळ आणि कापड लावून पुन्हा सांधता येते. दिवे नसल्यामुळे त्यांचे तुकडे ट्रॅकवर सांडत नाहीत. खालचे पोट बंद असते, कारण इंजिन फुटले तर तेल आणि कूलंट मागच्याच्या चाकाखाली जाऊ नये, तिथेच साठावे. आंतरराष्ट्रीय नियमांत या पोटाला निचऱ्याची भोके ठेवायला सांगितली आहेत. ती कोरड्यात बुजवलेली आणि पावसाच्या शर्यतीतच उघडी असतात. वजन थोडे घटते हे खरे, पण वर्षातून दोन दिवस ट्रॅकवर जाणाऱ्याच्या वेळेत त्या घटीपेक्षा टायर, ब्रेक आणि सराव यांनी कितीतरी अधिक फरक पडेल. तेव्हा वेगासाठी म्हणून रेस बॉडी घेणारा चुकीच्या कारणासाठी पैसे मोजतो, आणि पडण्याच्या भीतीने घेणारा योग्य कारणासाठी.

पण योग्य कारण असले म्हणजे निर्णय योग्य ठरला असे नव्हे. रेस बॉडी चढवलेली गाडी दिवे, इंडिकेटर, आरसे यांशिवाय रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही. 2019 च्या सुधारणेनंतर मालकाने बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी काळी माती आहेच. जे बंद पोट ट्रॅकवर तेल धरून ठेवते, तेच आषाढात चिखल धरून ठेवील. आणि ट्रॅक आहेत कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी स्पीडवे, दिल्लीलगत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. घाटंजीहून यांतले कोणतेही ठिकाण हजार किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही लांब. मूळ अंगाची गाडी पांढरकवड्याला महामार्गाला लावून स्वतः चालवत नेता येते. रेस बॉडीची गाडी पिकअपवर चढवावी लागते. त्या क्षणी ती वाहन राहत नाही, ओझे होते. रेस बॉडीची खरी किंमत फायबरच्या बिलात दिसत नाही. ती पिकअपच्या भाड्यात असते.

यावरही एक आक्षेप येऊ शकतो: पटाचाच दाखला द्यायचा तर आजच्या पटाचे बैल कुठे नांगराला जुंपलेले असतात? तेही गाडीत चढवूनच पटाला नेतात. बरोबर आहे, आणि याच बदलातून निर्णयाची कसोटी मिळते. ट्रॅक्टर आल्यावर शेतातले बैलाचे काम घटले, आणि अनेक मालकांनी केवळ पटासाठी जोड्या राखल्या. आधी एका जोडीला दोन गाड्या होत्या. मग जोडीच वेगळी झाली. मधली अवस्था, म्हणजे बंडीच्या फळ्या काढून तिचा अर्धामुर्धा छकडा करणे, या रिवाजाने टाळली. त्यात शहाणपण आहे. अशी बंडी पटात मागे पडते आणि कापसाच्या दिवसांत अडवते.

म्हणून वर्षाकाठी एक-दोन ट्रॅक डे एवढाच बेत असेल, तर घाटंजीच्या गाडीवर मूळ अंगच राहू द्यावे. आयोजक सांगतील तसे आरसे उतरवावेत, दिव्यांना टेप लावावी, क्रॅश गार्डऐवजी फ्रेम स्लायडर बसवावेत, आणि उरलेला पैसा टायर व कातडी सूटवर घालावा. ट्रॅकचे दिवस वाढले आणि पिकअपचे भाडे तसेही अंगावर पडू लागले, तर रेस बॉडी जरूर घ्यावी; पण मूळ पॅनेल न कापता, वायरिंग न तोडता, सगळे परत जोडता येईल अशा बेताने. मूळ पॅनेल गोणपाटात गुंडाळून ठेवायची जागा घरात हवी, जशी छकड्याला भिंत लागते. आणि साज बदलण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर जुनी, पडलेली, स्वस्तातली दुसरी गाडी केवळ ट्रॅकसाठी घ्यावी. पटाची वेगळी जोडी राखणाऱ्यांनी तेच केले. फक्त रोज पांढरकवड्याला नेणाऱ्या एकुलत्या एका गाडीचे दिवे काढू नयेत; तिला रात्री घरीही यायचे असते.