गोवळकोंड्याच्या वाटेवरचे साक्षीदार

मराठवाड्यातले सोनपेठ गोदावरीच्या दक्षिणेला वसले आहे. सतराव्या शतकात औरंगाबादहून आष्टी, नांदेडमार्गे गोवळकोंड्याला जाणारी व्यापारी वाट याच खोऱ्यातून जात असे. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या वाटेवरचे मुक्काम, अंतरे आणि नदीउतारावरची जकात नोंदवली. वाटेच्या या नोंदींत शेत, सण, संसार यांना फारशी जागा नाही. १६६६ साली सुरतेला उतरलेला फ्रेंच प्रवासी थेव्हनो मात्र विद्याव्यासंगी होता. वेरूळची लेणी त्याने पाहिली आणि ती राक्षसांनी घडवली ही लोकांत चालत आलेली समजूतही टिपली. म्हणजे प्रवाशाला देशात काय दिसले, हे त्याची वाट आणि त्याचा हेतू ठरवत होते.

कोणी म्हणेल, हे लोक परके, भाषा न जाणणारे आणि आपल्या धर्माच्या चष्म्यातून पाहणारे. त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या मजकुराला सारखा लागू होत नाही. देवधर्मावरची त्यांची मते युरोपातल्या वाचकासाठी होती. ती त्यांच्याच समाजाविषयी अधिक सांगतात. मुक्काम आणि जकातीचे तपशील मागून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे होते. चूक झाली तर नुकसान ठरलेले. म्हणून तिथे विश्वासाला आधार आहे. आडवाटेच्या गावांविषयीचे त्यांचे मौन मात्र त्या गावांच्या क्षुद्रपणाचा पुरावा मानू नये. मराठवाड्याचा इतिहास लिहिताना या नोंदी दफ्तरे, शिलालेख आणि लोकस्मृती यांच्याशी ताडून पाहणे, हाच न्याय्य मार्ग आहे.