दहावा माणूस

आमचा जन्म कामगार चळवळीत गेला. शाळा आम्हांस फारशी लाभली नाही. परंतु हजेरीपट वाचावयास आम्ही चांगले शिकलो. मुंबईच्या यहुद्यांच्या उपासनेचा इतिहास चाळताना तोच हजेरीपट पुन्हा पुढे आला.

यहुदी परंपरेत सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या गणास 'मिन्यान' म्हणतात. तो भरल्यावाचून तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. तेव्हा दहावा म्हणून कोणाला मोजावयाचे, हा प्रश्न साधा नव्हे.

कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. हिब्रू मागे पडली, तरी सुंता, शब्बाथ आणि एकेश्वराची ग्वाही देणारा 'शेमा' त्यांनी सोडला नाही. १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवीत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तेथे हिब्रू प्रार्थना होत. घरी एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा होई. पुढे बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

एकोणिसाव्या शतकात बगदादी यहुदी व्यापारी आले. भायखळ्याचे मागेन डेविड हे डेविड ससून यांनी उभारलेले. आम्ही त्याच्या मनोऱ्याखाली उभे राहिलो, तेव्हा एकच विचार मनात आला. प्रार्थना त्याच, चाली मात्र इराकच्या. एवढा भेद सहज खपला असता. पण कुळाविषयी शंका काढून पुष्कळ बगदादी बेने इस्राएलांस मिन्यानात धरीनात. ससूनांच्या गिरणीत बेने इस्राएलाचे हात चालत, प्रार्थनेत मात्र त्याची गणती होत नसे!

१९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. या पंथाच्या उपासनेत इंग्रजीलाही जागा होती, आणि स्त्रिया पुरुषांबरोबर बसत. ज्यांना परंपरेने मोजलेच नव्हते, त्या स्त्रियांचा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

१९४८ नंतर पुष्कळ बेने इस्राएल इस्राएल देशात गेले. तेथे लग्नाच्या वेळी त्यांच्या वाडवडिलांची चौकशी होऊ लागली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमला धरणे धरले. ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्वतोपरी यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि धर्माधिकाऱ्यांस आपला आदेश बदलावा लागला. धरणे म्हणजे काय हे आम्ही जाणतो. घरदार पणाला लावल्यावाचून कोणी तेथे बसत नाही.

आज मुंबईत बगदादी फार थोडे उरले आहेत. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या मंदिरांत मिन्यान भरतो तो बहुधा बेने इस्राएलांच्याच बळावर. ज्यास दहावा म्हणून मोजले नाही, त्याच्याच वंशजांनी ते दिवे तेवत ठेवले आहेत. आपापल्या संस्थांचे हजेरीपट उघडून पाहताना, मित्रहो, आपण याची आठवण ठेवू या.