दोघांचा मिळून एक कोयता

दिवाळीच्या आगंमागं कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की आमच्या प्रवराकाठी बीडकडच्या टोळ्या उतरायच्या. पाटोदा, आष्टी, शिरूर, गेवराई. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास चालू झाला, मग पाण्याच्या मुलखात एकामागून एक चिमण्या उठल्या. ऊस आमचा वाढला, तोडायला माणूस कोरड्या मुलखातला. ७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्यानंतर टोळ्या वाढत गेल्या, ते डोळ्यांनी बघितलंय.

हिशेब मुकादमाच्या वहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांवर, ती पावसाळ्यातच खाऊन संपलेली. एकजण आजारी पडला की कोयता मोडला, खाडा पडला, खाड्याचा दंड उचलीवर चढला. बाईला पाळी आली तरी पहाटे फडात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. कोपीपाशी ना संडास, ना न्हाणी.

१९९८ चा हंगाम असेल. माझ्याच फडात एक बाई पोट धरून बांधाला बसली. तोड उशिरा मिळालेली, उसाचं वजन घटत होतं. मी मुकादमाला म्हणालो, "ती का बसलीय? गाडी भरायचीय." ती उठली. खोटं कशाला लिहू, मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

पुढच्या साली तीच टोळी आली. आमच्या मंडळींनी सांगितलं, "तिची पिशवी काढली." वय तिशीच्या आत. डॉक्टर म्हणाला होता, ठेवली तर कॅन्सर होईल. पैसे मुकादमानं भरले, उचलीत मांडून. पाळी गेली, खाडा गेला, कर्ज वाढलं. कंबर धरली ती मात्र सुटली नाही.

२०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांमागं एक. पारावर पेपर वाचून माणसं हळहळली. मीही हळहळलो.

घरी येऊन जुनी वही काढली. टन, गाड्या, टोळीला दिलेली खुशाली, सगळं सापडलं. तिचं नाव काही सापडलं नाही. तिच्या नवऱ्याचं होतं, आणि त्यापुढं माझ्याच अक्षरात : कोयता १.