भिंतीतला पिंजरा

लिस्बनच्या जुन्या मध्यवस्तीत, रोसियो चौकापासून तेजो नदीकाठच्या मोठ्या चौकापर्यंत पसरलेल्या बायशा भागात, खरी पाहण्यासारखी गोष्ट दिसतच नाही. प्रवासी रुआ आउगुस्ताच्या टोकाच्या कमानीचे फोटो काढतात, सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसमोर रांग लावतात, पायाखालच्या काळ्या-पांढऱ्या फरसबंदीचं कौतुक करतात. कमान पुरी झाली १८७५ साली, लिफ्ट आली १९०२ मध्ये. हा सगळा मागाहून चढवलेला साज. बायशा ज्याच्या भरवशावर बांधली गेली तो लाकडी सांगाडा गिलाव्याआड दडला आहे. पोर्तुगीज लोक त्याला गायोला, म्हणजे पिंजरा म्हणतात.

त्याची कुळकथा सुरू होते १ नोव्हेंबर १७५५ रोजी. शनिवार होता, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे चर्च गच्च भरलेले असताना धरणी हादरली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि थोड्याच वेळात तिथे समुद्र चढून आला. सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी आणि घराघरांतल्या चुलींनी उरलेलं काम केलं. आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. माणसं हजारोंनी गेली.

नदीकाठचा राजवाडा गेला, त्याच वर्षी सुरू झालेलं ऑपेरागृह गेलं, आणि कासा दा इंडियाही गेलं. पूर्वेकडच्या साऱ्या व्यापाराचा हिशेब ठेवणारं हे सरकारी खातं. मिरी-दालचिनीच्या नोंदी, जहाजांचे कागद, कोचीन-गोव्याचा पत्रव्यवहार यांतलं फार मोठं दप्तर त्या आठवड्यात नाहीसं झालं. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पश्चिम किनाऱ्याचा पोर्तुगीज काळ अभ्यासणाऱ्याला पुढे जे हवं होतं, त्यातलं किती त्या राखेत गेलं याची मोजदाद आता होणे नाही.

राजा जुझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. पण त्याने अशी धास्ती घेतली की पुढे जन्मभर तो दगडी घरात राहिला नाही. आधी तंबूत आणि मग आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात त्याने दिवस काढले. कारभार हाती आला मंत्री सेबास्तियाओ जुझे द कार्व्हालो इ मेलो याच्या. इतिहास त्याला पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखतो, पण ती पदवी त्याला १७६९ मध्ये मिळाली. लिस्बनच्या उभारणीचं सगळं श्रेय त्यालाच देण्याची रीत आहे. शैलीही ‘पोंबाली’ म्हणूनच ओळखली जाते. मला हे पुरतं पटत नाही. हुकूम त्याचे होते, धडाडी त्याची होती आणि क्रूरपणाही त्याचाच होता. पण या उभारणीमागचं डोकं दुसरीकडे होतं.

ते होतं मानुएल दा माया या लष्करी अभियंत्याचं. भूकंप झाला तेव्हा त्याचं वय होतं ७८. शहराला पाणी आणणाऱ्या जलसेतूच्या कामात त्याचा हात होता, आणि तो जलसेतू भूकंपातही उभा राहिला होता. शिवाय किल्ल्याच्या बुरुजातल्या शाही दप्तरखान्याचाही तो प्रमुख होता. बुरूज कोसळल्यावर म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद उपसून काढवले आणि ते लाकडी बराकीत सुरक्षित ठेवले. आज पोर्तुगालचे जुने दस्तऐवज वाचायला मिळतात त्यामागे ही धावपळ आहे.

४ डिसेंबर १७५५ रोजी, म्हणजे महिना उलटून तीनच दिवस झाले असताना, मायाने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. शहर होतं तसं बांधावं, की रस्ते रुंद करावेत, की बायशा साफ करून नव्याने आखावी, की राजधानीच बेलेंकडे न्यावी, असे पर्याय त्याने एकेक करून तपासले. घरं उंच नसावीत, दुकानावर दोनच मजले असावेत, असं त्याचं मत होतं. प्रत्यक्षात तीन झाले आणि वर छपराखालच्या खोल्या आल्या. मजल्यांच्या बाबतीत अभियंत्याचं ऐकायचं नाही, हा शिरस्ता तेव्हाही होताच.

आराखडा एउजेनियो दोस सांतोसचा निवडला गेला. तो १७६० मध्ये वारला, तेव्हा हंगेरियन वंशाच्या कार्लोस मार्देलने काम पुढे नेलं. पैसा उभा राहिला तो बराचसा व्यापाऱ्यांनी आयात मालावर स्वतःहून देऊ केलेल्या चार टक्क्यांतून. राजवाड्याच्या जागी झालेल्या चौकाला व्यापाराचं नाव, प्रासा दो कोमेर्सिओ, मिळालं ते फुकट नव्हे. १७६० च्या फर्मानाने गल्ल्याही धंदेवाईकांना वाटून दिल्या: सोनार, चांभार, खोगीर-पट्टे करणारे, मुलामा देणारे. मुलामेवाल्यांच्या गल्लीत, रुआ दोस दोरादोरेसमध्ये, पुढे कवी फर्नांदो पेसोआने आपल्या पुस्तकातला कारकून बसवला.

आता प्रत्यक्ष पिंजरा. बायशाची जमीन म्हणजे जुन्या ओढ्यांचा गाळ, त्यावर भूकंपाचा राडारोडा. अशा भुसभुशीत जागी आधी पाइनचे ओले ओंडके जवळजवळ ठोकले, त्यांवर लाकडी जाळी टाकली आणि मग पाया घातला. तळमजला मात्र दगडाचा, कमानी आणि घुमटाकार छतांचा. तिथे लाकूड नाही, म्हणजे ओल चढत नाही आणि दुकानात लागलेली आग वर जात नाही. पहिल्या मजल्यापासून पिंजरा सुरू होतो. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन तिरपे दांडे. सगळी करामत या तिरप्यांची. बाजेला नुसते चार पाय आणि चार गाते असले की ती डुगडुगते, एक तिरपी पट्टी मारली की गप्प बसते. सांधे अर्धं अर्धं लाकूड कापून एकमेकांत बसवलेले, वर लोखंडी खिळा. चौकटींमध्ये विटांचे तुकडे आणि दगडगोटे चुन्यात भरलेले, वरून गिलावा.

बाहेरची जाड दगडी भिंत या सांगाड्याला लाकडी तुकड्यांनी जखडलेली असते. हादरा बसला तर दगडी भिंत खुशाल बाहेर कोसळावी, आतले मजले आणि माणसं मात्र पिंजऱ्यात तगून राहावीत, असा हिशेब. किल्लारीत १९९३ साली जाड दगडमातीच्या भिंतींनीच झोपेतल्या माणसांचा घात केला, हे ज्यांना आठवतं त्यांना या हिशेबाचं मोल वेगळं सांगायला नको. दोन घरांमधली सामाईक भिंत छपराच्या वर काढलेली, म्हणजे आग शेजारी उडी मारणार नाही. खिडक्या, दारं, कठडे एका मापाचे, आधीच तयार करून आणलेले.

मग हा पिंजरा सुचला कुणाला? एका माणसाचं नाव घेता येत नाही, आणि ते बरंच आहे. लाकडी चौकटीत भरणा घालून आतल्या भिंती उभारण्याची रीत लिस्बनमध्ये भूकंपाच्या आधीपासून होती. अशी घरं दगडी घरांपेक्षा बरी टिकली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. शिवाय हे बंदराचं शहर, नदीकाठी गोदी, गोदीत पिढ्यान्‌पिढ्या लाकूड वाकवणारे सुतार. लाटेचा तडाखा खाऊन न मोडणारा सांगाडा करणं हा त्यांचा रोजचा धंदा. तो हात इथे लागला असावा, हा कयास मला पटतो. अभियंत्यांचं काम एवढंच, पण ते मोठं: जुन्या कसबाचं त्यांनी मोजमाप ठरवलं, तिन्ही दिशांना एकमेकांत गुंतलेला सांगाडा केला आणि तो अख्ख्या वस्तीला लागू केला. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांकडून पाय आपटवून घेतले आणि भूकंपाची चाचणी घेतली, अशी गोष्ट सगळे मार्गदर्शक रंगवून सांगतात. गोष्ट छान आहे, तिच्यावर फार भार टाकू नये.

पिंजऱ्याची भावकीही आहे. इटलीत कालाब्रिया १७८३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या सरकारने असाच लाकडी सांगाडा नियमात घातला. काश्मीरमधल्या धज्जी देवारीच्या भिंती याच जातीच्या. लिस्बनमध्ये मात्र वंश पुढे बिघडला. भूकंपाची आठवण विरत गेली तसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बिल्डरांनी तिरपे दांडे हळूहळू गाळले, लाकूड बारीक केलं आणि मजले वाढवले. या इमारतींना ‘गायोलेइरो’ म्हणतात, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नाव नाही.

खुद्द बायशातही पिंजऱ्याचे हाल कमी झाले नाहीत. बँकांना मोठी दालनं हवी होती, दुकानांना रुंद काचा, तेव्हा खालच्या भिंती गेल्या. वर एकेक मजला चढला. नळाच्या पाइपसाठी फुल्या कापल्या गेल्या. प्रयोगशाळेत अशा भिंती पुढे-मागे रेटून पाहिल्या तेव्हा भरणा तडकला, पण सांधे बराच वेळ धरून राहिले. अर्थात ते अखंड भिंतीचं. १९६९ च्या भूकंपात शहर चांगलंच हललं, तरी १७५५ च्या तोडीचा धक्का या घरांनी अजून खाल्लेला नाही.

पायातले ओंडके पाहायचे असतील तर रुआ दोस कोर्रेइरोसमध्ये एका बँकेच्या तळघरात जावं. रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या हौदांशेजारी ते खोचलेले दिसतात. पाण्याखाली असेतो पाइनचं लाकूड कुजत नाही. भूजल खाली गेलं आणि हवा लागली की कुजतं. म्हणून बायशात नवं तळघर किंवा भुयार खोदायचं तर अभियंत्याला आधी भूजलाची पातळी पाहावी लागते. वर घरं विकत घेऊन त्यांची हॉटेलं करणाऱ्यांना खोल्या मोठ्या हव्या असतात, आणि आड येते ती नेमकी फुल्यांची भिंत. २०१९ पासून काही प्रकारच्या नूतनीकरणाआधी इमारत भूकंपात कितपत टिकेल याचा अहवाल द्यावा लागतो. गिलावा न उकलता तो अहवाल नीट लिहिणं अवघड आहे.