राखून ठेवलेला निकाल

किलवणीसारख्या गावातील एखादी स्त्री वापीला गाडी धरून मुंबईस जाते, परळला स्तनांची क्ष-किरण तपासणी करून घेते आणि एक कागद घेऊन परत येते. त्यावर 'रोग आहे' असे नसते, 'रोग नाही' असेही नसते. 'बहुधा निर्दोष, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे' एवढाच मजकूर असतो. त्यातून तिची आई ह्याच रोगाने गेलेली असली, तर ते सहा महिने कसे जातात हे तिलाच ठाऊक. आम्ही शिक्षक 'निकाल राखून ठेवला' असे तीन शब्द फळ्यावर लावतो, तेव्हा त्या मुलाच्या घरी रात्री कोणी धड जेवत नाही. इथे तर प्रश्न जिवाचा! हा राखून ठेवलेला निकाल वैद्यकात कोठून आला, ते आज सांगायचे आहे.

एके काळी संशय राखून ठेवण्याची सोयच नव्हती. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड ह्या शल्यवैद्याने १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढून टाकीत. पुढे कित्येक दशके रीत अशी पडली, की गाठ असलेल्या स्त्रीला भूल द्यायची, तुकडा काढून तिथल्या तिथे गोठवून तपासायचा आणि रोग दिसला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. संमतीच्या कागदावर सही करून ती झोपी जाई. आपण उठू त्या वेळी काय उरलेले असेल, हे तिला माहीत नसे. निकाल तिच्या झोपेत लागे आणि शिक्षाही झोपेतच होई.

ह्या रीतीविरुद्ध रोझ कुश्नर ही अमेरिकन पत्रकार १९७४ साली उभी राहिली. तिला स्वतःलाच हा रोग झाला होता. 'आधी तपासा, मला सांगा, मग काय करायचे ते ठरवू', एवढेच तिचे मागणे होते. पण ते मान्य करणारा शल्यवैद्य मिळवताना तिची दमछाक झाली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया ह्या दोन पायऱ्या वेगळ्या कराव्यात असा निर्णय दिला. आजची प्रतीक्षा जीवघेणी खरी. पण ती भांडून मिळवलेली आहे, हे मला विसरवत नाही.

क्ष-किरणांची कथा निराळी. १९१३ साली बर्लिनच्या सालोमन ह्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांची छायाचित्रे घेऊन अभ्यास केला. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज अंमलातून सुटली ती १९५४ साली. तेव्हादेखील निरोगी स्त्रियांची अशी तपासणी कोठे रूढ नव्हती. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे बासष्ट हजार स्त्रियांवर पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. त्याच्या सूत्रधारांपैकी डॉक्टर फिलिप स्ट्रॅक्स ह्यांची पत्नी ऐन तारुण्यात ह्याच रोगाने गेली होती. तपासलेल्या स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू कमी झाल्याचे त्या प्रयोगात दिसले.

परंतु छायाचित्र म्हणजे सावली. गाठ पांढरी दिसते आणि तरुण वयातील दाट स्तनही पांढराच दिसतो. धुक्यात बगळा शोधावा तसे ते काम. शिवाय एक डॉक्टर 'संशयास्पद' लिही, तर दुसरा त्याच सावलीला 'किंचित छाया' म्हणे. हा गोंधळ मोडावा म्हणून १९९३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने अहवालाची क्रमांकवार भाषा ठरवून दिली. तीत शून्य म्हणजे चित्र अपुरे, सोनोग्राफी वगैरे आणखी तपासण्या हव्यात. शून्य वाचून पुष्कळ बायका घाबरतात; शाळेतल्या शून्याशी त्याचे काही नाते नाही. तीन म्हणजे बहुधा निर्दोष. ह्या वर्गात कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात दोनांहून अधिक नसते. सहा महिन्यांनी बोलावतात ते गाठीची सावली बदलते का हे पाहण्यासाठी, आणि म्हणून ती तारीख चुकवायची नसते. चार म्हणजे मात्र तुकडा काढून तपासणे आले.

आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा एक प्रयोग आरंभिला. यंत्र नाही; प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायचे, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला, तर घट पंधरा टक्के. पण ती योगायोगाची नव्हे असे शास्त्राला छातीठोकपणे म्हणता आले नाही. म्हणजे वीस वर्षांच्या खटाटोपानंतर शास्त्राच्याही हाती काही अंशी राखून ठेवलेलाच निकाल पडला!

राहिला प्रश्न घराण्याचा. फ्रेंच शल्यवैद्य ब्रोका ह्याने १८६६ साली आपल्या पत्नीच्याच घराण्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरला, ते लिहून ठेवले. मेरी-क्लेअर किंग ह्या विदुषीने १९९० साली त्याचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. ते जनुक १९९४ साली हाती आले आणि दुसरे १९९५ साली. एकंदर रुग्णांत असा वारसा असलेल्या शंभरात पाच ते दहाच असतात. आई गेली म्हणजे मुलीचेही ठरले, असे नव्हे. जनुकाच्या चाचणीतही 'अर्थ न उमगलेला बदल' असा शेरा येतो आणि भारतीयांच्या वाट्याला तो अधिक येतो, कारण अभ्यासाची बहुतेक सामग्री युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा शेऱ्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया ठरवीत नाहीत.

डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, 'घरात कोणाला होता? कोणत्या वयात?' सदोष जनुक आईकडून येते तसे वडिलांकडूनही येते आणि दोन्हींकडून मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण आत्याचे नाव सांगायचे आमच्या बायकांना सुचत नाही. जुन्या पिढीत तर मरणाचे कारण 'छातीत गळू झाले' एवढ्यावर मिटे. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ साली सुरू झाली, ग्रामीण भागासाठीची पहिली बार्शीला १९८७ साली. त्याआधी गेलेल्या आज्यांची, मावश्यांची नोंद कोठल्याच वहीत नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे आहेत तोवरच विचारता येईल.