सोप्या माशांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात मी १०० लिटरची काचेची टाकी विकत घेतली. दुकानातल्या काकांना म्हटलं, "पहिल्यांदाच पाळतोय, सोपे मासे द्या." त्यांनी एका दमात चार नावं घेतली: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. चौघेही अंडी न घालता थेट पोहती पिल्लं देणारे. "काही करावं लागत नाही, आपापले वाढतात," काका म्हणाले आणि पाठोपाठ पाच सूचना दिल्या. टाकी आज न्या, मासे महिन्याने न्या. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. मॉलीला जड पाणी लागतं. प्लॅटी घेतलात तर स्वोर्डटेल घेऊ नका. आणि पिल्लं फार झाली तर तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल.

पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली, तर ती काढण्याआधी कुणी आणि का लिहिली हे शोधायचं, हा धडा नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाला होता. अशा अटीमागे बहुतेक वेळा कधीतरी घडलेला एक घोटाळा असतो. टाकीत पाणी भरलं, महिनाभर वाट बघायची होती, म्हणून या पाच सूचनांच्या मागे लागलो. पहिल्या चार रास्त निघाल्या. पाचवीने मात्र पंचाईत केली.

महिनाभर रिकामी टाकी

१८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनतज्ज्ञ होता. पाणी न बदलता मासे जगवता येतील का, हा त्याचा प्रश्न. बारा गॅलनच्या भांड्यात त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे कार्बन डायऑक्साइड देतील, असा हिशेब होता. पण वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि गाडी रुळावर आली. हा प्रयोग त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाटच आली.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक खातं मात्र राहून गेलं होतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशांना विषारी असतो. त्याचं पुढे काय होतं, याचं बरंचसं उत्तर त्याच्याच मुलाने शोधलं. मुलाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. रोदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात तो मातीवर काम करत होता. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट ही दोन वेगवेगळी पावलं असून ती वेगवेगळे सूक्ष्मजीव टाकतात, हे त्याने दाखवलं. ते जिवाणू वेगळे काढून दाखवण्याचा मान मात्र १८९० च्या आसपास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाला.

बापाने टाकी मांडली आणि तिच्यात न दिसणारं काय चालतं ते लेकाने मातीत शोधलं. फिल्टरच्या स्पंजात हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. काकांचा 'महिना' तो हाच. घाईने मासे घातले की आठवडाभरात ते तरंगू लागतात आणि दोष दुकानदाराला मिळतो.

एका नरामागे तीन माद्या

गप्पीचं बारसं बऱ्याच वेळा झालं. १८५९ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने व्हेनेझुएलाहून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. दोन वर्षांनी इटलीच्या फिलिप्पो दे फिलिप्पीने बार्बाडोसच्या माशांना वेगळं नाव दिलं. त्रिनिदादमध्ये रॉबर्ट जॉन लेकमियर गप्पी हे इंग्रज गृहस्थ शाळा तपासनीस होते, आवडीने भूगर्भशास्त्र करायचे. त्यांनी तिथले मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये आल्बर्ट ग्युंथरने त्या माशाला त्यांचं नाव दिलं. पुढे कळलं की हे सगळे एकच. नियमाप्रमाणे शास्त्रीय नावात पीटर्सचं 'रेटिक्युलाटा' टिकलं, बोलण्यात मात्र गप्पीच राहिला. आपल्याला तर तो गप्पा मारणारा वाटतो!

गप्पीचा नर सतत मादीच्या मागे असतो. एकाच नरामागे एकच मादी असली, तर तिला ना खायला उसंत मिळते ना विसाव्याला. माद्या जास्त असल्या की तो जाच वाटला जातो. काकांच्या सूचनेचं एवढंच कारण.

पण नराचे रंग इतके भडक का, याचं उत्तर त्रिनिदादच्या ओढ्यांत मिळालं. १९७० च्या दशकात जॉन एंडलर तिथे काम करत होता. धबधब्याखाली, जिथे मोठे शिकारी मासे होते, तिथले गप्पी नर फिके. धबधब्याच्या वर, जिथे ते शिकारी पोचत नव्हते, तिथले नर रंगीत. मग त्याने हरितगृहात कृत्रिम डबकी करून तळाशी काहींत बारीक आणि काहींत जाड रंगीत खडी पसरली. शिकारी मासा असलेल्या डबक्यांत काही पिढ्यांतच नरांचे ठिपके खडीशी जुळू लागले. शिकारी नसलेल्या डबक्यांत ते उलट खडीपासून वेगळे आणि ठळक होत गेले. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना दाखवणाऱ्या नावाजलेल्या प्रयोगांपैकी हा एक.

आपल्या टाकीत शिकारी नसतो. निवड करतात ती मादी आणि मासे पैदास करणारा माणूस. दुकानातला मोरपिशी शेपटीचा गप्पी ओढ्यात सोडला, तर पहिल्या शिकाऱ्याच्या नजरेत भरेल.

मॉलीचं पाणी

मॉलीच्या काही जाती मूळच्या मेक्सिकोच्या आखाताकाठच्या. खाडीच्या मचूळ पाण्यातही त्या आरामात राहतात. म्हणून त्यांना क्षार असलेलं जड पाणी मानवतं. आमच्या नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, त्यात मॉली अंग आकसून, जागच्या जागी डुलत राहते. बोअरवेलच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या होतात म्हणून कुरकुरणाऱ्या सोसायट्यांत ती सुखाने नांदेल. मी मॉली घेतली नाही.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल

ही सूचना मला सगळ्यात चमत्कारिक वाटली होती. दोघेही शांत मासे, मग एकत्र का नकोत?

स्वोर्डटेलला नाव मिळालं १८४८ मध्ये. कार्ल हेलर या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकाने मेक्सिकोहून नमुने नेले आणि हेकेलने त्याच्या नावावरून माशाला 'हेलेरी' म्हटलं. प्लॅटी त्याचा जवळचा भाऊबंद. निसर्गात या दोन जाती सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. टाकीत मात्र सहज संकर होतो. दुकानांतले लालभडक स्वोर्डटेल अशाच संकरांतून आले.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग यांना या संकरित माशांत एक गोष्ट दिसली. काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला आणि त्या पिल्लांचा पुन्हा स्वोर्डटेलशीच संकर केला, की काहींच्या अंगावर ठिपक्यांच्या जागी काळ्या गाठी वाढतात. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग होता. प्लॅटीच्या अंगात ठिपक्यांना आवर घालणारी दुसरी जनुकं असतात. संकरात ती गळून जातात आणि ठिपका मोकाट सुटतो. कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध दाखवणारा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. कॉसविग १९३७ मध्ये नाझी जर्मनी सोडून इस्तंबूलला गेला. गॉर्डनने जपलेल्या माशांच्या वंशावळी आज टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधनासाठी सांभाळल्या जातात. यातलं मुख्य जनुक १९८९ मध्ये सापडलं.

मी गप्पी आणि प्लॅटी घेतले, स्वोर्डटेल ठेवून दिला.

तळ्यात सोडा, पुण्य लागेल

तीन महिन्यांत टाकीत पिल्लांची दाटी झाली. मोठे मासे काही पिल्लं खातात, पण मी दाट शेवाळ लावून त्यांना लपायला जागा केली होती. काकांची पाचवी सूचना आठवली. रविवारी पिशवीत तीसेक पिल्लं भरली, जवळच्या तळ्यावर जायचं ठरवलं. निघण्याआधी गावी आजीला व्हिडिओ कॉल केला आणि टाकी दाखवली. ती म्हणाली, "अरे, हे तर आपल्या हौदातले. हिवतापवाले सोडून गेले होते."

पिशवी बादलीत ठेवली आणि वाचत बसलो.

डासांमधून हिवताप पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत १८९७ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. मग डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. १९०५ मध्ये टेक्ससहून गॅम्बुसिया हा गप्पीचा नातेवाईक हवाईला नेला गेला. तिथून जगभर त्याची पाठवणी सुरू झाली आणि १९२८ मध्ये तो इटलीहून भारतात आला. गप्पी त्याच्या आधीच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन पोचला होता. आजही मुंबई-पुण्याच्या महापालिका टाक्यांसाठी, कारंज्यांसाठी गप्पी देतात.

बंद हौदात हे मासे खरोखर उपयोगी पडतात, आजीच्या हौदात पडलेच असतील. पण पावसात हौद भरून वाहतो, पाणी ओढ्याला जातं, ओढा नदीला. 'काही करावं लागत नाही, आपापले वाढतात' हा गुण तिथे जाऊन अवगुण होतो. गॅम्बुसिया इतर माशांची अंडी, पिल्लं आणि बेडकांचे डिंभही खातो. जगातल्या सर्वांत घातक १०० उपऱ्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मुळा-मुठेतल्या माशांच्या नोंदींत तो आणि गप्पी, दोघेही सापडतात. कपाळावर चमकता ठिपका असलेला आपला देशी पंचाक्स मासाही डासांच्या अळ्या खातो, पण तो परदेशातून आलेला नव्हता, म्हणून त्याच्याकडे कमी लक्ष गेलं.

शिवाय गप्पीची मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते. एका मिलनातून पुढची अनेक बाळंतपणं होतात. म्हणजे तळं भरायला माशांची जोडीही लागत नाही, एक मादी पुरते. माझ्या पिशवीत तीस पिल्लं होती.

हवाईला मासे नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. हिवतापवाल्यांचाही होता आणि काकांचाही आहे. मला कुणाला दोष देता येईना, कारण पिशवी भरली होती ती मीच.

पिल्लं परत टाकीत गेली. काही ऑफिसातल्या मंडळींनी नेली, काही दुकानात परत दिली. काकांना तळ्याचं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग सांगू काय गिऱ्हाइकाला?" मी म्हटलं, "परत आणा म्हणा, तुम्ही घ्या." ते हसले, पण हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा कोपऱ्यात एक वेगळी टाकी दिसली. वर खडूने लिहिलं होतं: 'पिल्लं परत घेतो'.

मी नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवल्या, त्यालाही आता दोन महिने झाले. काल सकाळी माद्यांच्या टाकीत पुन्हा पिल्लं दिसली. मोजली, अकरा भरली.